एक ट्रान्सफॉर्मर बंद ठेवण्याची गोष्ट

बहारीनमध्ये मला भेटणाऱ्या मराठी माणसांचे दोन प्रकार आहेत. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे हे कळल्यावर पहिला लगेच विचारतो, "आमचा एसी गार करत नाही हो, काय झालं असेल?" दुसरा थोडा थांबतो, चहा संपवतो आणि मग तेच विचारतो. गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत मला हा प्रश्न आला आहे, ईसा टाउनच्या शाळेत पालकसभेला आला आहे, आणि एकदा तर सलमानियाच्या हॉस्पिटलात नवऱ्याच्या मोडलेल्या पायाचं प्लास्टर होईपर्यंत बाकावर बसले होते तेव्हा शेजारच्या गृहस्थांनीही विचारला. मला एसीतलं काही कळत नाही. आमच्या घरचा बिघडला की मीही मेकॅनिकलाच फोन करते.

माझं काम सबस्टेशनमधलं. "म्हणजे तिथे वीज तयार होते?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "नाही, तयार झालेली वाया जाऊ नये म्हणून मी तिथे असते." यावर समोरच्याचा उत्साह मावळतो. वाया न गेलेली वीज कुणाला दाखवता येत नाही. पूल बांधणारा माणूस पुलाकडे बोट दाखवतो. मी कशाकडे दाखवू?

म्हणून दिवाळी अंकाच्या निमित्ताने एकदा सांगून टाकते.

वीज तयार होते लांब, समुद्राच्या कडेला. तिथून ती मोठ्या दाबाने पाठवतात, कारण दाब मोठा ठेवला की तारेतून प्रवाह कमी जातो आणि तार कमी तापते. वस्तीजवळ आली की तिचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. ते काम ट्रान्सफॉर्मर करतो. आमचे ट्रान्सफॉर्मर एका लहान खोलीएवढे. आत लोखंडाच्या पातळ पत्र्यांचा गाभा, त्याभोवती तांब्याची वेटोळी आणि हे सगळं तेलात बुडवलेलं. काही फिरत नाही, काही हलत नाही. तरी तो गुणगुणतो आणि तापतो. ती गुणगुण आणि तो ताप म्हणजे वाटेत हरवलेली वीज.

ही वीज दोन ठिकाणी हरवते. तांब्यात हरवते ती लोकांच्या वापराप्रमाणे. वापर दुप्पट झाला तर तांब्याचं तापणं चौपट होतं. लोखंडात हरवते तिला मात्र वापराशी देणंघेणं नाही. ट्रान्सफॉर्मर लाइनला जोडला की लोखंड आपला वाटा घ्यायला लागतं, बाहेर कुणी एक दिवा लावो न लावो. रिकामं पातेलं मंद गॅसवर ठेवून घरातली सगळी माणसं बाहेर निघून जावीत, तसं.

आता बहारीनचं बघा. ऑगस्टमध्ये घरोघरचे एसी अखंड चालतात, ट्रान्सफॉर्मर काठोकाठ भरलेले असतात. जानेवारीत लोक खिडक्या उघडतात, अंगावर शाली घेतात, आणि विजेची मागणी कुठल्या कुठे खाली येते. पण प्रत्येक सबस्टेशनमधले दोन्ही ट्रान्सफॉर्मर उन्हाळ्यासारखेच हिवाळ्यातही चालू. एकटा सहज पेलेल एवढ्या कामाला दोघं उभे, आणि दोघांचं लोखंड तापतंय. आमच्या कंपनीकडे काही सबस्टेशनच्या देखभालीचं कंत्राट होतं. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "सबस्टेशनच्या भिंतींच्या आत किती वीज जाते ते शोध, आणि कमी कर." हे वाक्य ऐकायला फार सोपं होतं.

त्या भागातल्या सबस्टेशनचे प्रमुख होते वीज खात्याचे अबू यूसुफ. म्हणजे यूसुफचे वडील. थोरल्या मुलाच्या नावाने वडिलांना हाक मारायची इकडची पद्धत, आणि त्यांचं कागदोपत्री नाव मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. उंच, पांढऱ्या दाढीचे, बहारीनमध्येच जन्मलेले आणि भारतीयांबरोबर आयुष्यभर काम करून हिंदी शिकलेले. त्या सबस्टेशनमधला कुठलाही स्विच त्यांच्या परवानगीशिवाय हलत नसे. मला ते 'मुहंदिसा' म्हणायचे, म्हणजे इंजिनिअर बाई. त्यात आदर किती आणि थट्टा किती हे मला बरेच महिने कळलं नाही.

पहिल्याच भेटीत आमचं वाजलं. भर जुलैत मी त्यांच्या कंट्रोल रूममध्ये शिरले तर अबू यूसुफ लोकरीचा स्वेटर घालून बसलेले. एसी अगदी शेवटच्या आकड्यावर. सबस्टेशनच्या इमारतीचे एसी जी वीज खातात तीही हरवलेल्या विजेतच धरतात, तेव्हा मी तिथूनच सुरुवात केली. म्हटलं, थोडं वाढवू या का तापमान?

"रिले गरम झाले तर?" त्यांनी विचारलं. रिले म्हणजे बिघाड ओळखून स्विच पाडणारी उपकरणं. ती बिघडली तर खरंच पंचाईत.

"रिले बनवणारेच सांगतात, एवढ्या गारठ्याची गरज नाही. आणि तुम्ही स्वतः कुडकुडताय की!"

"स्वेटर मेरे लिए," ते शांतपणे म्हणाले, "एसी मशीन के लिए. खलास."

मी वाद घातला नाही. परवानगी मागून रिलेच्या कपाटात तापमापक ठेवून आले. काही आठवड्यांनी दोघांनी मिळून आकडे पाहिले. त्यांनी एसी थोडा वर नेला. पुढच्या फेरीला आणखी थोडा. मग एक दिवस स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकलेला दिसला. मी त्याविषयी बोलले नाही, तेही बोलले नाहीत. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा चहा मिळाला.

खरी ओळख झाली ती हिवाळ्यात, एका विचित्र बेरजेमुळे. माझ्याबरोबर दीनानाथ म्हणून टेक्निशियन होता, कुडाळकडचा. एका सबस्टेशनमध्ये आम्ही नेहमीची तपासणी करत होतो. दोन ट्रान्सफॉर्मर, दोघांचे प्रवाह दाखवणारे दोन मीटर. त्यांची बेरीज केली तर वस्तीकडे जाणाऱ्या प्रवाहापेक्षा कितीतरी जास्त. थोडाफार फरक चालतो, हा तसा नव्हता. येणारं पाणी जास्त आणि जाणारं कमी, पण टाकी काही भरत नाही.

"मीटर खोटां बोलता, मॅडम," दीनानाथ म्हणाला. "बदलून टाकूया, गजाल खलास."

गोष्टीला कोकणी 'गजाल' आणि ती संपली म्हणायला अरबी 'खलास' एका दमात म्हणणारा तो एकच माणूस मी पाहिला. पण मीटर बदलायच्या आधी दुसरं उपकरण लावून पाहिलं, तर मीटर खरं बोलत होते. मग ही वीज जात होती कुठे?

ट्रान्सफॉर्मरला दाब कमीजास्त करायची एक सोय असते. तिचे टप्पे असतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. दोन ट्रान्सफॉर्मर जोडीने चालत असतील तर दोघांनी एकाच पायरीवर उभं राहायचं असतं. कंट्रोल रूममधला फलक सांगत होता, दोघं एकाच पायरीवर आहेत. मी दीनानाथला म्हटलं, "चल, बाहेर जाऊन प्रत्यक्ष बघू." दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या अंगावरची पेटी उघडली. आतला काटा दोन पायऱ्या वर! कधीतरी झालेल्या दुरुस्तीनंतर दाखवणारी तार चुकीच्या जागी लागली असावी. फलक एक सांगत होता आणि यंत्र दुसरीकडेच उभं होतं.

याचा अर्थ असा की एका टाकीला दोन पंप लावलेत आणि एकाचा जोर जास्त आहे. तो आपलं पाणी टाकीत सोडता सोडता थोडं दुसऱ्या पंपाच्या नळीतही ढकलतो. इथे एका ट्रान्सफॉर्मरमधून निघालेला प्रवाह दुसऱ्यात शिरून नुसताच गोल फिरत होता. कुणाच्या घरी जात नव्हता, कुणाचा पंखा फिरवत नव्हता. फक्त दोघांचं तांबं तापवत होता.

अबू यूसुफना बोलावलं. त्यांनी स्वतः पेटीत वाकून पाहिलं, मग फलक पाहिला, मग पुन्हा पेटी. काट्यांची जुळवाजुळव झाली, दोन्ही ट्रान्सफॉर्मर एका पायरीवर आले आणि दोन्ही मीटरचे काटे आमच्या डोळ्यांदेखत खाली उतरले. बाहेर वस्तीत काहीच बदललं नव्हतं.

"किती दिवस असं चालू होतं?" त्यांनी विचारलं.

"कुणास ठाऊक. दिवे लागत होते. कुणाची तक्रार नव्हती."

ते तडक गाडीकडे निघाले. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं, कारण हे सबस्टेशन त्यांचं होतं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी हाताखालच्या सगळ्या सबस्टेशनमधल्या पेट्या स्वतः जाऊन उघडल्या होत्या. "मुहंदिसा!" आवाजात नुसता आनंद. "एक और मिला!"

त्यानंतर माझं धाडस वाढलं. मी त्यांच्यापुढे खरा प्रस्ताव ठेवला. हिवाळ्याचे महिने प्रत्येक सबस्टेशनमधला एक ट्रान्सफॉर्मर पूर्ण बंद ठेवायचा. त्याचं लोखंड थंड राहील. एकट्यावर तांब्याचा भार थोडा वाढेल, पण हिवाळ्यात तो इतका कमी असतो की एकूण हिशेबात फायदाच आहे.

"मफी," अबू यूसुफ म्हणाले. म्हणजे नाहीच. "स्वेटर ठीक. पेटी ठीक. ये मफी."

मी आकडे पुढे केले. त्यांनी ते पाहिलेही नाहीत. मी म्हटलं, निदान कारण तरी सांगा. त्यांनी दोन पेल्यांत चहा ओतला, एक माझ्याकडे सरकवला आणि सांगायला लागले. अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत. मी मराठीत सांगते.

"फार वर्षं झाली. मी शिफ्टवर नवा होतो. एका सबस्टेशनमधला एक ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला काढला होता. दुसरा एकटा चालत होता. तो बंद पडला. ऑगस्ट महिना. त्याच्यावर माझीच गल्ली होती. घरात आई ऑक्सिजनच्या मशीनवर. मी इथे, खुर्चीत. फोन वाजतायत, लोक ओरडतायत, आणि मी प्रत्येकाला सांगतोय, इंशाल्ला येईल थोड्या वेळात. त्यातला एक फोन माझ्या भावाचा होता. त्यालाही मी तेच सांगितलं."

त्यांनी चहाचा घोट घेतला.

"भावाने तिला उचलून गाडीत घातलं. सलमानियाला नेलं. रस्त्यावरचे सिग्नलसुद्धा बंद होते."

"मग?"

"वाचली. अल्हम्दुलिल्ला. यूसुफचं लग्न बघून गेली." त्यांनी पेला खाली ठेवला. "पण कुणी म्हणालं ना, एकच ट्रान्सफॉर्मर चालू ठेवू, की मला तो सिग्नल बंद असलेला रस्ता दिसतो. तू आकडे दाखवतेस. बरोबरच असतील तुझे आकडे."

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं. संजय बँकेत आहे, विजेशी त्याचा संबंध बटणापुरता. तो म्हणाला, "मग त्यांचं बरोबरच आहे ना?" मला फार राग आला. राग यायचं कारण असं, की मलाही तेच वाटत होतं.

तेव्हा मी माझा प्रस्ताव बाजूला ठेवला आणि त्यांच्या भीतीला उत्तर देता येतं का ते बघायला लागले. चालू ट्रान्सफॉर्मर बंद पडला तर माणसाने धावत जायची गरज पडू नये, बंद असलेला आपोआप चालू व्हावा, अशी स्विचांची साखळी लागणार होती. आमचे आणि वीज खात्याचे इंजिनिअर मिळून आम्ही ती जुळवली, पुन्हा पुन्हा तपासली. हॉस्पिटल आणि दवाखाने ज्या सबस्टेशनवर आहेत ती मुळातच वगळली. शिवाय बहारीनची हवा दमट, समुद्र चारी बाजूंनी. ट्रान्सफॉर्मर थंड पडून राहिला तर हवेतली ओल आत शिरायची धास्ती. म्हणून दोघांनी पाळीपाळीने विश्रांती घ्यायची, एकालाच फार दिवस झोपू द्यायचं नाही. हा शेवटचा मुद्दा अबू यूसुफांचाच. भांडता भांडता त्यांनी दिलेला.

या सगळ्यात वर्ष गेलं. मुलीच्या शाळेतलं गॅदरिंग हुकलं, त्याची चुटपुट अजून आहे. तिने नाटकात काम केलं होतं आणि मी एका स्विचच्या चाचणीला उभी होते. संजयने काढलेला व्हिडिओ मी नंतर इतक्या वेळा पाहिला की इराच म्हणाली, "आई, इनफ."

वीज खात्याच्या वरिष्ठांनी एका सबस्टेशनवर प्रयोग करायला मान्यता दिली. निवड अबू यूसुफांवर सोपवली.

"तुम कहाँ रहती हो, मुहंदिसा?" त्यांनी विचारलं.

"झिंजला."

"बस. वही."

त्यांनी हे हसून म्हटलं नव्हतं. पूर्ण गंभीरपणे म्हटलं होतं. मीही हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? जे मी दुसऱ्याच्या वस्तीवर करायला निघाले होते, ते माझ्या स्वयंपाकघरावर करायला नाही कसं म्हणू?

डिसेंबरात एका सकाळी तिथला दुसरा ट्रान्सफॉर्मर बंद झाला. त्याची गुणगुण थांबली तेव्हा आवारातला आवाज एवढा उतरला की कुंपणापलीकडच्या झाडावरचे बुलबुल ऐकू आले. दीनानाथने पुढे होऊन ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यावर हात ठेवला. म्हणाला, "बरा झाला. थकलो होतो बिचारो."

त्यानंतरचे आठवडे मी घरात सुखाने बसले नाही. दिवा जरा मिणमिणला की मी खिडकीत. इराने एकदा खुर्चीवर चढून दिवा नीट बसवला आणि म्हणाली, "आई, रिलॅक्स. इट्स जस्ट अ लूज बल्ब."

शुक्रवार होता. इकडे सुट्टीचा दिवस. माझ्या सासूबाई इचलकरंजीहून थंडीचे दोन महिने आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना मी आईच म्हणते. सकाळी मी डोशासाठी चटणी वाटत होते. कोथिंबीर कमी पडली म्हणून आई स्वतः खालच्या दुकानात गेल्या. मिक्सर चालू होता आणि तो मध्येच थांबला. फ्रिजचा आवाजही गेला. मी मिक्सरचं झाकण उघडून आत बघितलं, आणि मग एकदम ध्यानात आलं की बिघाड मिक्सरमध्ये नाही.

त्या काही सेकंदांत मी काय विचार केला ते मला सांगता येणार नाही. बहुधा काहीच केला नाही. झाकण हातात धरून उभी होते. वर्षभर तपासलेली साखळी आता आपलं काम करेल किंवा करणार नाही, आणि मी त्यात काहीही करू शकत नव्हते.

आणि मिक्सर सुरू झाला. बटण मी बंद केलेलंच नव्हतं. सगळी चटणी भिंतीवर, छतावर, माझ्या चष्म्यावर. मी ओरडले, "आला! दुसरा आला!" संजय आणि इरा धावत आले. हिरव्या चटणीत माखलेली बाई आनंदाने नाचते आहे, हे त्यांनी पाहिलं.

फोन वाजला. अबू यूसुफ. "मुहंदिसा! बाहर रोड पे खुदाई, मशीन ने पहले का केबल मारा. पहला गया." ते दम घ्यायला थांबले. "दूसरा खुद आ गया! खुद!"

फोन ठेवते तोवर दुसरा वाजला. आईंचा.

"नीलिमा, मी लिफ्टमध्ये अडकलेय."

वीज गेल्यावर लिफ्ट थांबली होती, आणि वीज परत आली तरी आमच्या इमारतीची ती जुनी लिफ्ट काही हलत नव्हती. वॉचमनने येऊन बटण दाबेपर्यंत ती तशीच उभी राहणार होती. आत आई आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या इजिप्शियन शिक्षिका. मी जिन्याने खाली पळाले.

"आई, घाबरू नका, वीज आलीय!" मी लिफ्टच्या दाराशी ओरडले.

"आलीय म्हणतेस, मग दार का उघडत नाही?" आतून आवाज.

वॉचमन सापडला, दार उघडलं. कोथिंबिरीची जुडी घट्ट धरून आई बाहेर आल्या. त्या इजिप्शियन बाईंनी त्यांचा दुसरा हात धरला होता. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण आत त्यांची चांगलीच गट्टी जमलेली दिसत होती. आईंनी माझ्या चेहऱ्यावरची चटणी पाहिली आणि म्हणाल्या, "घरात एवढी मोठी इंजिनिअर आणि लिफ्ट बंद पडते? संजयला सांग, तक्रार नोंदव."

रविवारी वीज खात्याच्या ऑफिसात बैठक होती. रात्रभर विचार करून मी ठरवलं होतं की जे खरं आहे ते मीच आधी बोलायचं. सगळे बसल्यावर मी म्हटलं, "दोन्ही ट्रान्सफॉर्मर चालू असते, तर केबल तुटल्यावर कुणाचा दिवा मिणमिणलाही नसता. वीज गेली ती थोडाच वेळ, पण गेली ती या योजनेमुळे."

सगळे अबू यूसुफांकडे बघायला लागले. नको म्हणायला यापेक्षा चांगली संधी त्यांना मिळाली नसती.

"बरोबर," ते म्हणाले. "पण वीज किती वेळ जाते ते मी बघतच नव्हतो. थंड पडलेलं मशीन हाक मारल्यावर उठतं का, ते बघत होतो. माझ्या आईच्या वेळी दुसरं मशीन उठवायलाच नव्हतं. या वेळी होतं, आणि ते उठलं. कुणाला धावत जावं लागलं नाही."

"तक्रारी?" वरिष्ठांनी विचारलं.

"एक." त्यांनी समोरचा कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. दाढीतल्या दाढीत हसू होतं. "झिंजमधून. लिफ्टबद्दल. आडनाव मुहंदिसाचंच दिसतंय."

बैठक हसत हसत संपली, पण त्यांनी एक गोष्ट पक्की करून घेतली. ज्या घरांत ऑक्सिजनसारखी मशीन आहेत त्यांची आधी चौकशी व्हावी, आणि तशी घरं जास्त असतील त्या भागात ही योजना आणू नये. मी लगेच मान डोलावली. आमच्या इमारतीच्या मालकानेही लिफ्ट दुरुस्त करून घेतली. आता वीज परत आली की ती आपोआप खाली येऊन दार उघडते. आई परत जाईपर्यंत इजिप्शियन बाई दर शुक्रवारी त्यांच्याकडे डोसा खायला येत राहिल्या.

तो हिवाळा नीट पार पडला. दोघा ट्रान्सफॉर्मरनी पाळीपाळीने विश्रांती घेतली, ओल शिरली नाही, आणि उकाडा सुरू झाल्यावर दोघं पुन्हा जोडीने कामाला लागले. दीनानाथ मात्र उन्हाळ्यात कायमचा गावी परतला. पुढचं त्याला बघायला मिळालं नाही याची मला हळहळ वाटते. कुडाळहून त्याचे आवाजी निरोप येतात. "मॅडम, आमच्या हय लाईट गेली हा. तुमी कधी येतास?"

अबू यूसुफही निवृत्त झाले. पुढच्या थंडीत खात्याने आणखी काही सबस्टेशनवर हीच पद्धत लावायचं ठरवलं. त्यातल्या पहिल्या ठिकाणी नव्या इंजिनिअरांना माहिती द्यायला मला बोलावलं होतं. मी पोचायला थोडा उशीर झाला. कंट्रोल रूमच्या दारातूनच ओळखीचा आवाज आला.

पांढराशुभ्र पायघोळ झगा घालून अबू यूसुफ मधोमध उभे होते. त्यांनाही कुणीतरी बोलावलं असावं, किंवा ते आपणहूनच आले असावेत. समोर पाचसहा बहारिनी तरुण, त्यांत दोन मुली. मेजावर कॉफीची किटली आणि खजूर. लोखंड का तापतं, एक ट्रान्सफॉर्मर का बंद ठेवायचा, ओल शिरू नये म्हणून काय करायचं, हे सगळं ते अशा थाटात सांगत होते, जणू ही कल्पना त्यांना लहानपणीच सुचली होती. मी मागे भिंतीला टेकून ऐकत राहिले. सांगण्यात एकही चूक नव्हती.

मग त्यांची नजर माझ्यावर गेली. मला वाटलं, आता ओशाळतील. छे!

"या मुहंदिसा," ते मुलांना म्हणाले, "माझ्याबरोबर होत्या. सुरुवातीला फार घाबरल्या होत्या. मी म्हटलं, घाबरू नका, करून बघू."

सगळी मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली. पुढे बसलेल्या मुलीने विचारलं, "खरंच, मॅडम?"

"हो," मी म्हटलं, "फारच घाबरले होते. अबू यूसुफ होते म्हणून जमलं."

त्यांनी किटली उचलून माझ्यासाठी कॉफी ओतली. मी जे बोलले त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.